मूत्रपिंडाचा दाह आणि मूत्रपिंडाचा नकार

प्रत्यारोपणानंतर नवे मूत्रपिंड लगेच काम करू लागले नाही आणि पहिल्याच आठवड्यात डायलिसिस करावे लागले, की 'शरीराने किडनी स्वीकारली नाही' असे नातेवाईक धास्तावून म्हणू लागतात. पुष्कळदा तो नकार नसतो, तर मूत्रपिंड येतानाच सोबत घेऊन आलेला दाह, म्हणजे इजेमुळे उठणारी सुजेची प्रतिक्रिया असते.

नकारात रुग्णाच्या टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) किंवा प्रतिपिंडे दात्याच्या पेशींवरील एचएलए प्रथिने, म्हणजे पेशींची ओळख सांगणारी प्रथिने, परकी म्हणून ओळखतात आणि त्यांच्यावर हल्ला करतात. रुग्णाच्या रक्तात अशी प्रतिपिंडे आहेत का हे आधीच पाहणारी क्रॉसमॅच चाचणी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमससारखी औषधे असतात ती यासाठी.

दाहाला परकेपणा लागतच नाही. बोस्टनमध्ये १९५४ साली एकसारख्या जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले, तेव्हा नकाराचा प्रश्न उद्भवला नाही. पण रक्तपुरवठा तुटण्याची झळ अशा मूत्रपिंडालाही चुकत नाही. मेंदू मृत झालेल्या दात्याच्या शरीरात इंटरल्युकिन-६ सारखी दाहकारक द्रव्ये आधीच वाढलेली असतात. पुढे सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या मूत्रपिंडातली ऊर्जा संपत जाते आणि पेशींत सक्सिनेट हे चयापचयातले द्रव्य साचते. रुग्णाच्या शरीरात रक्त पुन्हा खेळू लागताच ते झपाट्याने जळते, त्यातून घातक ऑक्सिजन-रेणू निर्माण होतात, आणि मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेली द्रव्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना तिकडे खेचून आणतात.

म्हणूनच रुग्णाला दिलेली नकारविरोधी औषधे इथे उशिरा पोहोचतात. उपाय दात्यावर किंवा काढलेल्या मूत्रपिंडावरच करावा लागतो. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूमृत दात्यांचे तापमान ३४ ते ३५ अंशांवर ठेवल्यावर उशिरा कार्यरत होणाऱ्या मूत्रपिंडांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आले, आणि मला हा निष्कर्ष विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यासाठी कोणतेही महागडे औषध लागले नाही. थंड द्रव यंत्राने मूत्रपिंडातून सतत फिरवत ठेवल्यासही लाभ होतो, हे २००९ च्या युरोपीय चाचणीत दिसले. शरीराच्या तापमानाला तासभर रक्तपेशीयुक्त द्रव खेळवण्याच्या पद्धतीने मात्र २०२३ च्या ब्रिटिश चाचणीत उशिरा कार्यरत होणाऱ्या मूत्रपिंडांचे प्रमाण घटले नाही. तरीही त्या पद्धतीत मूत्रपिंड जागे, म्हणजे काम करत असते, त्यामुळे दाहशामक औषधे थेट त्यालाच देऊन पाहता येतात.

दाह आणि नकार या दोहोंचा एक धागा मात्र जोडलेला आहे: दाह झालेल्या पेशी एचएलए प्रथिने अधिक ठळकपणे मांडतात, आणि त्यामुळे पुढे नकाराचा धोका वाढतो. शिवाय दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून मूत्रपिंड दीर्घकाळ सुस्त राहिल्यास डॉक्टर बायोप्सी करून, म्हणजे मूत्रपिंडाचा छोटा तुकडा तपासून, खात्री करतात.