विटा काळ्या, आकाश कोरं

परवा फोनवर एक फॉरवर्ड आला. लखनौच्या दिलकुशा कोठीचा जुना फोटो कुणीतरी अ‍ॅपमधून रंगवला होता. खाली ओळ: ‘कोठी खरी अशी दिसायची!’ रंग झकास होते, पण ते आले कुठून?

इंग्लंडमधल्या सीटन डेलाव्हल हॉलच्या धर्तीवरची ही कोठी १८०० च्या सुमारास गोर ऊझली या ब्रिटिशाने बांधली. १८५७ च्या धुमश्चक्रीत तिची दुर्दशा झाली. आज पडक्या भिंती उरल्यात. १८५८ मध्ये छायाचित्रकार फेलिचे बेआटोने तिचे फोटो काढले म्हणून ती निदान कागदावर तरी टिकली.

पण त्या काळी फोटो काचेवर घेत, आणि ती काच रंगांच्या बाबतीत जवळजवळ आंधळी होती. तिच्यावरच्या थरात सिल्व्हर आयोडाइड या चांदीच्या क्षाराचे कण असत. फोटॉनने, म्हणजे प्रकाशाच्या पुडक्याने, त्यातला इलेक्ट्रॉन सोडवला की तो चांदीच्या आयनाला, म्हणजे विद्युतभारित अणूला, मिळतो आणि चांदीचा अणू तयार होतो. असे मोजके अणू जमले की डेव्हलपर, म्हणजे फोटो धुण्याचं रसायन, नेमकी तिथेच आणखी चांदी साचवतो. काचेचा तेवढा भाग काळा होतो. इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण २.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं इवलंसं माप) ऊर्जा लागते. जांभळ्या फोटॉनकडे ३ असते, लाल फोटॉनकडे जेमतेम १.९. मग लाल उजेड दुप्पट केला तर? तरीही नाही! भिंतीच्या निम्म्यापर्यंत पोचणाऱ्या दहा उड्या मारल्या म्हणून कुणी पलीकडे जात नाही.

काच ही निगेटिव्ह: उजेड पडला तिथे काळी, छापात तेच पांढरं. निळ्या आकाशाने ती काळीकुट्ट होते, छापल्यावर आकाश कोरं पांढरं. विटेकडून निळा उजेड फारसा येतच नाही, म्हणून वीट छापात काळपट. पिवळ्या चुन्याचंही तेच. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हरमान फोगेलने थरात रंगद्रव्य मिसळलं, तेव्हा कुठे काचेला हिरवं दिसू लागलं. त्याआधीच्या करड्या छटेतून मूळ रंग काढणं म्हणजे अंदाजपंचे. अ‍ॅप तो आत्मविश्वासाने करतं, एवढाच फरक.

आणि हो, अशा फोटोंत जिन्यावर दिसणारी धूसर ‘बाई’ भूत नसते. एक्स्पोजर, म्हणजे काचेवर उजेड पडू देण्याचा वेळ, काही सेकंदांचं. तेवढ्यात कुणी चालत गेलं की धुरकट डाग उरतो.

या आंधळेपणाचा एक फायदाही झाला. सावलीत पोचणारा उजेड बराचसा आकाशाचा, म्हणजे निळा. तो या काचेला पुरेपूर दिसे. त्यामुळे व्हरांड्याच्या सावलीतली चुन्याची नक्षीही, जी आपल्या डोळ्यांना तिथे अंधुक वाटली असती, अशा फोटोंत बरी उठून दिसते.