दारू नाही, उपासमार

व्यसनी माणसाची पावलं लटपटू लागली, बोलण्याचा ताळमेळ सुटला, नजर एका जागी ठरेना, की आसपासचे म्हणतात, "चढलीय, झोपला की येईल ताळ्यावर." पण ही वेर्निके एन्सेफॅलोपथी या मेंदूच्या आजाराचीही लक्षणं असू शकतात. हा आजार झोपेने उतरत नाही.

जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली असे तीन रुग्ण नोंदवले. दोघे अट्टल दारुडे होते. तिसरी मात्र एक स्त्री होती. पोटात गंधकाम्ल गेल्यावर तिला उलट्या थांबेनात. तिघांना जोडणारा दुवा तेव्हा कुणाला सापडणं शक्यच नव्हतं, कारण जीवनसत्त्वांचा शोध अजून लागायचा होता. तो दुवा होता थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व.

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण सुमारे २० टक्के ऊर्जा तोच वापरतो. ग्लुकोजमधून ती ऊर्जा मिळवणारी काही मुख्य एन्झाइम्स थायमिनशिवाय चालत नाहीत. रोज लागतं जेमतेम सव्वा मिलिग्रॅम, आणि शरीरातला साठा ३० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे दोन-तीन आठवडे पोटात काही टिकलं नाही, तर तो संपायला येतो. दारूने जेवण सुटतं, आतड्यातून थायमिन नीट शोषलं जात नाही आणि यकृतातली साठवणही घटते. मग मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमस आणि मॅमिलरी बॉडीज या भागांना इजा होते. नव्या आठवणी पक्क्या होण्यासाठी हेच भाग लागतात.

वेळेत उपचार झाले नाहीत, तर पुढे उरतो तो रशियन डॉक्टर सर्गेई कोर्साकॉव्ह यांनी १८८७ पासून वर्णन केलेला स्मृतिदोष. रुग्ण नीट बोलतो, जुन्या गोष्टी सांगतो, पण मघाशी भेटून गेलेला माणूस त्याला आठवत नाही. आठवडाभर खाटेवर असलेला रुग्ण "काल कामावर गेलो होतो" असं खात्रीने सांगतो. घरच्यांना वाटतं, व्यसनी माणूस, थापा मारतोय. हा त्याच्यावर अन्याय आहे. आठवणीतली रिकामी जागा मेंदू भरून काढतो आणि ते त्याला स्वतःला खरंच वाटतं.

तरीही सगळं पुसलं जात नाही. एदुआर क्लापारेद या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९११ साली अशाच एका रुग्ण स्त्रीची हकिकत लिहिली. हातात टाचणी लपवून त्यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं. नंतर त्यांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. टोचल्याचा प्रसंग तिच्या आठवणीत नव्हता, धास्ती मात्र होती.

गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीतला दोष आणि तोल जाणं ही तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात. म्हणून तिन्हींची वाट पाहत बसू नये. नुसती शंका आली, तरी थायमिन शिरेतून किंवा स्नायूत द्यावं लागतं. अशा वेळी गोळ्या पुरत नाहीत. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर उरलासुरला साठाही खर्ची पडून प्रकृती बिघडू शकते. डोळ्यांचा दोष काही तासांत, काही दिवसांत सुधारतो. स्मरणशक्तीला मात्र महिने लागतात आणि अनेकांची ती पूर्ण परत येत नाही.

दारूला कधीही न शिवलेल्यांनाही हे होतं. गरोदरपणात न थांबणाऱ्या उलट्या, वजन घटवण्यासाठी केलेली जठराची शस्त्रक्रिया, दीर्घ उपासमार, कारण काहीही असू शकतं. डॉक्टरांकडे नेताना रुग्ण किती प्यायला एवढंच सांगू नका. किती दिवस नीट जेवला नाही आणि उलट्या किती दिवसांपासून होताहेत, तेही सांगा. थायमिन दिलं का, हेही विचारा.