उंदरांमधलं रेट्रोव्हायरस रिकॉम्बिनेशन

उंदराच्या अंगात रेट्रोव्हायरस (आपल्या आरएनएचा डीएनए बनवून तो पेशीच्या डीएनएत घुसवणारा व्हायरस) दोन वाटांनी येतो. एकतर बाहेरून इन्फेक्शन होतं, नाहीतर तो आईबापाकडून डीएनएमधूनच मिळतो, कारण कधीकाळी पूर्वजांच्या बीजपेशीत घुसलेला व्हायरस तिथंच कायमचा बसलाय. असे वारशाचे तुकडे बरेचसे मोडकेतोडके असतात आणि एकटे असले तर फारसे काही करत नाहीत. पण दोन्हीकडचे आरएनए एकाच पेशीत बनले की ते एकाच व्हायरसकणात पॅक होऊ शकतात (प्रत्येक कणात आरएनएच्या दोन कॉप्या असतातच), आणि पुढच्या पेशीत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) एक कॉपी वाचता वाचता मधेच दुसरीवर उडी मारतं, की झाला मिक्स व्हायरस तयार. यालाच रिकॉम्बिनेशन म्हणतात.

यात खरी गंमत एन्व्ह जीनची, म्हणजे वरच्या आवरणाच्या प्रोटीनची आहे. फ्रेंड किंवा मोलोनी ल्युकेमिया व्हायरस पेशीत शिरतो तो कॅट-1 या रिसेप्टरवरून (पेशीवरच्या दारावरून), आणि एकदा पेशी इन्फेक्ट झाली की त्या व्हायरसला ते दार जवळजवळ बंदच होतं. नवजात पिल्लांना हे व्हायरस टोचले की काही काळाने त्या व्हायरसना उंदराच्या डीएनएतल्या पॉलिट्रॉपिक (उंदराशिवाय इतर प्राण्यांच्या पेशीतही शिरू शकणाऱ्या) तुकड्यांचं एन्व्ह मिळालेलं दिसतं, आणि असा व्हायरस एक्सपीआर1 नावाच्या वेगळ्याच रिसेप्टरवरून आत जातो. त्यातही फ्रेंड आणि मोलोनी वारशातले वेगवेगळे तुकडे उचलतात, म्हणजे सगळं निव्वळ नशिबावर नाही. हे रिकॉम्बिनंट मिंकच्या पेशींवरही वाढतात म्हणून त्यांना एमसीएफ (मिंक सेल फोकस-फॉर्मिंग) म्हणतात, 1977 मध्ये जॅनेट हार्टली, वॉलेस रो वगैरेंनी त्यांचं वर्णन केलं. एकेआर जातीच्या उंदरात तर बाहेरून काही टोचायचीही गरज नाही, तिथं वारशातलेच व्हायरस आपापसात जुळतात आणि छातीतल्या थायमस ग्रंथीत लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) होतो.

आता एक्सएमआरव्ही नावाच्या, उंदरांच्या ल्युकेमिया व्हायरसच्या नात्यातल्या व्हायरसचं प्रकरण. हा व्हायरस 2006 मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या सॅम्पल्समध्ये सापडला आणि 2009 मध्ये क्रॉनिक फटीग सिंड्रोमशी (सतत थकवा राहण्याच्या आजाराशी) जोडला गेला, पेशंट लोकांनी तर चाचण्या आणि औषधंसुद्धा सुरू केली. 2011 मध्ये कळलं की माणसाचा प्रोस्टेट ट्यूमर न्यूड (बिनकेसांच्या, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या) उंदरांमध्ये वाढवत असताना उंदराच्याच दोन वारसा-व्हायरसचं रिकॉम्बिनेशन होऊन हा बनला होता, 1990 च्या दशकात, लॅबमध्येच! बाकी ठिकाणी सापडलं ते कंटॅमिनेशन निघालं आणि डिसेंबर 2011 मध्ये सायन्स जर्नलने 2009 चा पेपर मागे घेतला. त्या ट्यूमरपासून बनलेली 22आरव्ही1 सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) मात्र संशोधनात अजून वापरली जाते, आणि ती हा व्हायरस बाहेर सोडत असते.