आशय व्यवस्थापन प्रणाली : जुन्या आवृत्तीचे अद्ययावतीकरण

संकेतस्थळावरील मजकूर व छायाचित्रे कोड न लिहिता संपादित करू देणाऱ्या सॉफ्टवेअरला आशय व्यवस्थापन प्रणाली, बोलण्यात सीएमएस, म्हणतात. तिची मुदत संपलेली आवृत्ती, मजकूर व पानांचे पत्ते शाबूत ठेवून, चालू आवृत्तीवर नेणे म्हणजे अद्ययावतीकरण होय.

या प्रणालींचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. काहीजण तो १९८० च्या दशकातील दस्तऐवज-व्यवस्थापनात शोधतात, तर काहीजण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील वृत्तस्थळांत. प्रचलित प्रणालींपैकी वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली, परंतु तिचा कोड २००१ च्या सुमाराच्या बी२/कॅफेलॉग या ब्लॉग-सॉफ्टवेअरवरून आलेला आहे. जूमला २००५ मध्ये मॅम्बो या प्रणालीपासून फुटून निघाली. प्रस्तुत विषयापुरते वंशावळीला प्रकाशन-तारखेपेक्षा अधिक वजन द्यावे हे मत ग्राह्य वाटते, कारण मजकूर कसा साठवला जाईल याची जुनी गृहीतके कोडबरोबरच वारशाने येतात.

त्याचा सर्वांत जाचक नमुना अक्षरसंकेतनाचा, म्हणजे कोणते अक्षर कोणत्या बाइटांनी साठवायचे या नियमाचा, आहे. मायएसक्यूएल या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये २०१८ ची ८.० आवृत्ती येईपर्यंत लॅटिन-१ हे रोमन लिपीपुरते संकेतनच, वेगळे न ठरवल्यास, आपोआप लागू होत असे, आणि वर्डप्रेसमध्ये ते ठरवण्याची सोय २००७ च्या २.२ आवृत्तीत आली. त्यामुळे त्यापूर्वीच्या अनेक स्थळांवर यूटीएफ-८ (सर्व लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडचे संकेतन) मधील देवनागरी बाइट लॅटिन-१ म्हणवणाऱ्या तक्त्यांत पडून राहिले. प्रणाली व डेटाबेस यांच्यातील जोडणीचे संकेतनही तेच असेपर्यंत चूक दिसत नाही. नव्या आवृत्तीने जोडणी बदलताच ती उघडी पडते. ‘बडोदे’ या शब्दात पाच संकेतचिन्हे, म्हणजे पंधरा बाइट आहेत; बिघडलेल्या पानावर प्रत्येक संकेतचिन्हाचे तीन बाइट तीन वेगळ्या चिन्हांचे त्रिकूट होऊन दिसतात. ब, ड, द यांच्या जागी येणाऱ्या प्रत्येक त्रिकुटात दुसरे चिन्ह चलनाचे सर्वसाधारण चिन्ह असते, तर ओकार व एकार यांच्या त्रिकुटांत येनचे. बडोद्यातील मराठी संस्थेच्या स्थळावर गुजराती मजकूरही असला, तर त्याची त्रिकुटे वेगळी दिसतात, आणि कोणत्या भाषेचे पान बिघडले हे त्यावरून ओळखता येते. अशा वेळी तक्त्यातील स्तंभ थेट यूटीएफ-८एमबी४ (मायएसक्यूएलमधील पूर्ण यूटीएफ-८) मध्ये रूपांतरित केल्यास बाइटांचे दुहेरी संकेतन होते. म्हणून तो आधी द्विमान (बायनरी) प्रकारात, जेथे बाइट जसेच्या तसे राहतात, व तेथून नव्या संकेतनात न्यावा लागतो.

इतर टप्पे सर्वज्ञात आहेत. डेटाबेस व फायली या दोहोंचा बॅकअप घेऊन तो दुसरीकडे उतरवून पाहावा, कारण न उघडलेला बॅकअप हा बॅकअप धरता येत नाही. त्यानंतर स्थळाची प्रत वेगळ्या पत्त्यावर चालवून तिच्यावरच पीएचपी (या प्रणाली ज्या भाषेत लिहिलेल्या आहेत ती), प्लगइन (जोड-सुविधा) व थीम (पानाची मांडणी) यांची सुसंगती तपासावी. पीएचपी ७.० मध्ये जुनी मायएसक्यूएल फंक्शने काढून टाकली गेल्याने सर्व्हरवरील पीएचपी आधी बदलल्यास जुनी थीम कोरे पान दाखवू शकते. ड्रुपल या आणखी एका सीएमएसच्या ७ व्या आवृत्तीवरून पुढे जाणे हे तर काटेकोर अर्थाने अद्ययावतीकरण नसून स्थलांतर, म्हणजे मजकूर नव्याने उभारलेल्या स्थळात हलवणे, आहे. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला.

घुसखोरी आधीच झालेली असेल, तर नवी आवृत्ती तिची चोरवाट बंद करत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ मधील गंभीर त्रुटी जाहीर झाल्यावर, सात तासांत दुरुस्ती न केलेली स्थळे बाधित समजावीत, असे ड्रुपलच्या सुरक्षा पथकानेच नंतर कळवले होते.

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर हा निराळा प्रश्न असून तो कोणत्याही अद्ययावतीकरणाने सुटत नाही. तेथे डेटाबेसमध्ये रोमन अक्षरेच असतात आणि ती उच्चारक्रमाने नव्हे, तर दिसण्याच्या क्रमाने मांडलेली असतात. ‘शिर्के’ या आडनावात वेलांटी श च्या आधी आणि रफार के च्या नंतर येतो. परिवर्तकाला ही दोन्ही चिन्हे आपापल्या जागी हलवावी लागतात, म्हणून सभासदांच्या याद्या रूपांतरानंतर हाताने वाचून घेतल्या जातात.