घमेले : काथवटीच्या भावकीतले भांडे

मराठीतले पोर्तुगीज शब्द म्हटले की पाव, बटाटा, चावी, पगार अशी ठरलेली यादी समोर येते. भांड्यांपैकी फार तर बादली आणि पिंप. बांधकामावरचे घमेले त्या यादीत क्वचितच दिसते. वास्तविक तेही तिथलेच: पोर्तुगीज ‘गामेला’चे मराठी रूप.

‘गामेला’चे मूळ लॅटिन ‘कामेल्ला’ या शब्दात आहे. ते होते पेयपात्र. पोर्तुगीजांकडे पोचेपर्यंत त्याचे पसरट लाकडी भांडे झाले: ओंडका कोरून केलेले, जनावरांना खाणे घालायचे, धुण्याचे, कालवायचे. ब्राझीलमध्ये आजही गामेला म्हणजे लाकडीच. हे वर्णन ऐकले की आपली भाकरीचे पीठ मळायची काथवट आठवते. मात्र काथवटीला कुणी घमेले म्हणू लागले नाही. घरातल्या भांड्याला घरचे नाव होतेच, ते टिकले.

मग नवा शब्द शिरला कुठून? मला तरी तो चुना मळायच्या घाणीजवळ शिरला असावा असे वाटते. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत उत्तर कोकणात त्यांची दगडी बांधकामे होत राहिली. वसई, रेवदंडा, कोर्लई इथे तटांचे आणि चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. एवढ्या कामाला चुना आणि माती वाहणारे हात इथलेच असणार. हुकूम सोडणाऱ्याच्या तोंडचा शब्द रोज ऐकून ‘ग’चा ‘घ’ झाला आणि शब्द नपुंसकलिंगी होऊन बसला: ते घमेले, ती घमेली. बोलताना तर घमेलंच.

पुढे लाकूड गेले, पत्रा आला, आणि शब्द किनाऱ्यापासून दूर विदर्भापर्यंत पोचला. १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर कुदळ, फावडे आणि घमेले हीच हत्यारे होती. डोक्यावर चुंबळ ठेवून घमेल्यातून माती-खडी वाहण्यात बायकांचा वाटा फार मोठा होता. या शब्दाच्या इतिहासात त्यांचे नाव आधी घ्यायला हवे.

आता घमेले हे मापही झाले आहे. सिमेंटच्या एका गोणीला वाळूची किती घमेली, असाच हिशोब छोट्या कामांवर गवंडी सांगतो. प्लॅस्टिकची हलकी घमेलीही सर्रास मिळतात, तरी कामगार त्यांनाही घमेलेच म्हणतात.