कयाक कॅम्पिंगला येताय? मोठी सॅक घरीच ठेवा

भंडारदऱ्याच्या जलाशयावर कयाक (वल्ह्याने चालवायची निमुळती होडी) घेऊन जायच्या आमच्या मुक्कामी सहलीला नाव नोंदवलं की पहिला फोन ठरलेला: "कयाक कोणती घेऊ?" सांगतो. पण काठावर सगळ्यांचा वेळ खाते ती कयाक नव्हे, सामान. म्हणून आधी त्याचं बोलू.

ट्रेकला नेता ती साठ लिटरची सॅक कयाकच्या पोटात जात नाही. झाकणाचं तोंड जेमतेम जेवणाच्या ताटाएवढं असतं. मग सॅक मागे वर बांधायची, वजन उंचावर जायचं आणि पहिल्याच आडव्या लाटेला कयाक डुलायला लागायची. तशी आम्ही ती पाण्यात सोडत नाही. सगळं उपसून पुन्हा भरायला तास-दीड तास जातो. ठाण्याहून पहाटे तीनला निघायचं, कसारा घाट चढायचा, ते सकाळचं शांत पाणी गाठायला. ते पाणी कुकर कुठे कोंबायचा या वादात निघून जातं. दुपारी वारा सुटला की तेवढ्याच अंतराला दुप्पट दम लागतो.

सामान पाच, दहा, फार तर वीस लिटरच्या ड्राय बॅगांत, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशव्यांत, विभागा. हवा दाबून काढा, तोंडाला तीन घड्या घाला, मग क्लिप लावा. पिण्याचं पाणी, तांदूळ, भांडी बुडाशी आणि सीटजवळ. कपडे, स्लीपिंग बॅग टोकांकडे. डावं-उजवं वजन सारखं हवं. ड्राय बॅगा आमच्याकडे भाड्याने मिळतात, विकतही. विकतच घ्या असा आग्रह नाही. कपड्यांना एकात एक दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, घट्ट गाठ मारून, एका रात्रीपुरत्या चालतात. मोबाइलला मात्र नाही.

आता कयाक. पाण्यावर पहिल्यांदाच उतरणार असाल तर वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप घ्या. उलटली तरी तुम्ही आत अडकत नाही, आलेलं पाणी भोकांतून निघून जातं आणि पुन्हा चढता येतं. बूड ओलं होतं, एवढंच. आत बसायची कयाक वेगाने जाते, सामानही कोरडं राहतं. पण उलटल्यावर बाहेर यायची आणि पाणी उपसायची सवय हवी. ती नसेल तर पैसे देऊनही आम्ही देत नाही.

कयाकवर १५० किलो लिहिलेलं असलं तरी आम्ही १०० धरतो. लिहिलेल्या आकड्याला ती तरंगेल, पण जड होऊन वळणार नाही. तुमचं वजन ७५ असेल तर पाणी धरून २५ किलो सामान. आणि दोघांची कयाक म्हणजे दुप्पट जागा नव्हे! दुसरा माणूस बसतो तिथेच सामानाची जागा जाते. जोडीने मुक्कामाला जायचं तर दोन एकट्या कयाक सोयीच्या. भाडं जास्त पडतं, हे खरं.

सहलीआधी ठाण्याच्या खाडीवर गायमुखला अर्ध्या दिवसाचा सराव सक्तीचा आहे. "आम्हाला पोहता येतं" म्हणणाऱ्यांनाही. त्यात एकदा मुद्दाम उलटायचं आणि परत चढायचं. सरावाची वेळ दर रविवारी बदलते यावर पुष्कळ तक्रारी येतात, पण वेळ आम्ही ठरवत नाही, भरती ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आतवर पाणी त्याहून थोडं उशिरा चढतं. ओहोटीला उतरलात तर परतीला चिखलातून कयाक ओढाल.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांद्याला धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. उकडतं म्हणून पाण्यावर काढायचं नाही. जीन्स नको, दारू तर नाहीच. अंधार पडायच्या आत तंबू, तोही पाण्यापासून चांगला वर. आणि कयाक झाडाला बांधायची, नुसती ओढून ठेवायची नाही. रात्रीच्या वाऱ्याने रिकामी कयाक सहज पाण्यात जाते.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मुक्कामी सहली बंद असतात.

सहल शनिवारची असेल तर शुक्रवारी संध्याकाळी सात ते नऊ सामान घेऊन दुकानावर या. इथेच वजन करून, बॅगांत भरून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. येताना तो कुकरही आणा. मावतो का बघू.