टीएफएसए खात्यात अमेरिकी लाभांश करमुक्त असतो का?

'टीएफएसएमध्ये ठेवलेल्या कुठल्याही शेअरवर एक पैसाही कर लागत नाही', हा समज कॅनडातल्या गुंतवणूकदारांत बराच जुना आहे. टीएफएसए म्हणजे कॅनडातलं करमुक्त बचत खाते. कॅनडाच्या करापुरता तो बरोबरच आहे, म्हणून तर तो टिकला. पण अमेरिकी कंपनी लाभांश देते तेव्हा अमेरिका आपला कर उगमापाशीच कापून घेते. टीएफएसएला ती निवृत्ती खाते मानत नाही. ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेचे करदाते रहिवासी नाही, असं जाहीर करणारा) असेल तर कपात १५ टक्के, नसेल तर ३०.

पडताळा सोपा आहे. १०० शेअर, प्रत्येकी १ डॉलर लाभांश, तर जमा व्हायला हवेत १०० डॉलर. खात्याच्या व्यवहारनोंदीत पाहा: १५ डॉलर 'नॉन-रेसिडेंट टॅक्स' म्हणून वजा दिसतील. साध्या करपात्र खात्यात या रकमेचं परकीय कर क्रेडिट (परदेशात भरलेल्या कराची कॅनडाच्या करातून वजावट) मागता येतं, टीएफएसएत नाही. ते पैसे गेले ते गेलेच.

आरआरएसपी या कॅनडातल्या निवृत्ती खात्यात थेट घेतलेल्या अमेरिकी शेअरला कॅनडा-अमेरिका कर करारानुसार ही कपात लागत नाही. इथे मात्र अनेकांची गफलत होते: तेच शेअर टोरोंटोत सूचीबद्ध ईटीएफमधून (शेअरप्रमाणे बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडातून) घेतले, तर कपात फंडाच्या पातळीवरच होते आणि तुमच्या नोंदीत दिसतही नाही.

पण एवढ्यावरून टीएफएसएतले अमेरिकी शेअर घाईने विकू नका. लाभांश दीड टक्का असेल तर गळती वर्षाला साधारण ०.२२ टक्के. भाववाढीवर ही कपात नसते. कॅनडातल्या कंपन्यांच्या लाभांशाला तर हा प्रश्नच येत नाही.